चालणारा संत : कॉर्फू बेटाचा स्पिरिडॉन आणि चार मिरवणुकांचा इतिहास

१/ ग्रीसच्या वायव्य टोकाला, अल्बेनियाच्या किनाऱ्यासमोर, आयोनियन समुद्रात कॉर्फू नावाचे बेट आहे. ग्रीक लोक त्याला ‘केर्किरा’ म्हणतात. या बेटाच्या राजधानीत वर्षातून चार वेळा एका बिशपचा साडेसोळाशे वर्षांहून जुना देह सोनेरी पालखीत उभा ठेवून रस्त्यांवरून नेला जातो. प्रत्येक फेरीमागे एक संकट आहे : दुष्काळ, प्लेग, वेढा आणि पुन्हा प्लेग. आजचा धागा या चार फेऱ्यांविषयी.

२/ या संताचे नाव स्पिरिडॉन. कॉर्फूचे लोक मात्र त्याला बहुधा नावाने संबोधत नाहीत. नुसते ‘संत’ म्हटले की पुरते. आश्चर्य असे, की या माणसाने हयातीत कॉर्फूला कधी पायही लावला नव्हता. त्याचा देह शतकानुशतके एका कुटुंबाची खासगी मालमत्ता होता. तो ऑर्थोडॉक्स पंथाचा, तर बेटाचे राज्यकर्ते चारशे वर्षे कॅथलिक. मग तो अवघ्या बेटाचा झाला कसा?

३/ प्रथम मूळ पुरुषाविषयी. स्पिरिडॉन सायप्रसचा. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला मेंढपाळ, संसारी गृहस्थ, पुढे त्रेमिथूस नगरीचा बिशप. इ. स. ३२५ च्या निकियाच्या धर्मपरिषदेस तो उपस्थित होता, अशी परंपरा सांगते. चित्रांत त्याच्या मस्तकावर बिशपचा मुकुट नसतो. असते ती वेताच्या टोपलीसारखी विणलेली धनगरी टोपी. सामान्यांना तो आपला वाटण्यामागे या टोपीचाही वाटा आहे.

४/ निकियाची कथा अशी. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एक कसे, यावर पंडितांचा वाद रंगला. स्पिरिडॉनने हातात एक खापर घेऊन दाबले. वर ज्वाळ उठली, खाली पाणी ठिबकले, हातात माती उरली. एका खापरात तीन तत्त्वे! शास्त्रार्थ करणाऱ्यांपुढे मेंढपाळाने केलेला हा युक्तिवाद पूर्वेकडील चर्चमध्ये आजही सांगितला जातो.

५/ इ. स. ३४८ च्या सुमारास तो वारला. सातव्या शतकात सायप्रसवर अरबांच्या स्वाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा त्याचा देह कॉन्स्टँटिनोपलला हलवण्यात आला. १४५३ मध्ये ते महानगर ओटोमनांनी जिंकले. त्यानंतर गेओर्गिओस कालोखेरेतिस नावाच्या धर्मगुरूने दोन देह घेऊन पश्चिमेची वाट धरली : एक स्पिरिडॉनचा, दुसरा सम्राज्ञी संत थिओडोराचा. परंपरा सांगते, की हे देह त्याने गवताच्या पोत्यांत दडवले होते आणि वाटेत विचारणाऱ्यांना तो जनावरांचा चारा असल्याचे सांगितले होते.

६/ १४५६ च्या सुमारास तो कॉर्फूला पोहोचला. कॉर्फूच का? कारण हे बेट १३८६ पासून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाकडे होते. समोरची मुख्य भूमी हळूहळू ओटोमनांच्या हाती जात होती. बेट मात्र तटबंदीच्या आड सुरक्षित होते. निर्वासितांचे लोंढे इकडे वळले. संत स्पिरिडॉनही, म्हणायचे तर, त्या निर्वासितांपैकीच एक.

७/ बेटावर संतांची वाण नव्हती. ख्रिस्ती धर्म आणणारे म्हणून जेसन आणि सोसिपात्रोस यांचे प्राचीन चर्च तेथे होते. दहाव्या शतकातील बिशप आर्सेनिओस हाही बेटाचा पूज्य संत होता. या सर्वांना मागे सारून एक परका संत अग्रस्थानी आला, तो एका दिवसात नव्हे. त्याची सुरुवात तर चक्क वारसाहक्काच्या वाटणीने झाली.

८/ कालोखेरेतिसच्या पश्चात दोन्ही देह त्याच्या मुलांकडे वारसाने गेले. थिओडोराचा देह १४८३ मध्ये नगराला अर्पण करण्यात आला. तो आज तेथील मुख्य कॅथेड्रलमध्ये आहे. स्पिरिडॉनचा देह मात्र घराण्यातच राहिला. सोळाव्या शतकात या घराण्यातील एका मुलीचा विवाह स्तामातिओस वूल्गारिस याच्याशी झाला आणि संताचा देह हुंडा म्हणून वूल्गारिस घराण्याकडे गेला.

९/ ‘संत हुंड्यात गेला’ हे वाक्य आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु वतन, वहिवाट, पुजारीपणाचे वंशपरंपरागत हक्क हे शब्द ज्यांना परिचित आहेत, त्यांना यातील व्यवहार लगेच उमगेल. देहासोबत चर्च येते, चर्चसोबत दिवाबत्तीचे तेल, नवसाची चांदी आणि भक्तांचे दान येते. वूल्गारिस घराण्याने आपल्यातूनच धर्मगुरू दिले आणि हा हक्क कित्येक पिढ्या सांभाळला.

१०/ संताचे पहिले चर्च शहराच्या उपनगरात होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हेनिसने नवी तटबंदी उभारण्यास घेतली आणि त्या कामासाठी ते पाडण्यात आले. मग तटाच्या आत, भरवस्तीत, आजचे चर्च उभे राहिले (१५८९). लाल घुमटाचा त्याचा मनोरा आयोनियन बेटांतील सर्वांत उंच घंटाघर मानला जातो. बाहेरून बंदराकडे येणाऱ्या खलाशाला दुरूनच जे दिसते, ते हेच.

११/ आता राजकारण. तेराव्या शतकात आंजू घराण्याच्या अमलात बेटावरील ऑर्थोडॉक्स बिशपचे पद रद्द झाले होते. व्हेनिसनेही ते पुन्हा निर्माण केले नाही. बिशप कॅथलिक, ऑर्थोडॉक्स प्रजेसाठी केवळ ‘महान प्रोतोपापास’ हे दुय्यम पद. म्हणजे बहुसंख्यांच्या धर्माला बेटावर पूर्ण दर्जा नव्हता. ही उणीव ज्या एका ठिकाणी भरून निघत होती, ते ठिकाण म्हणजे संताची मिरवणूक.

१२/ पहिली मिरवणूक पवित्र शनिवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसाची. मूळ प्रसंग सोळाव्या शतकातील दुष्काळाचा. कथा अशी, की धान्याची गलबते दुसऱ्याच बंदराकडे निघाली होती. संताने कप्तानांना दृष्टान्त दिला, गलबतांनी दिशा बदलली आणि ऐन ईस्टरच्या तोंडावर बेटाला गहू मिळाला. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगणाऱ्या तटबंदीच्या शहरात उपासमारीची भीती किती खोल असेल, हे या कथेतून कळते.

१३/ या मिरवणुकीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. ख्रिस्ताच्या दफनाचे प्रतीक असलेला ‘एपिताफिओस’ ऑर्थोडॉक्स जगात शुक्रवारी संध्याकाळी निघतो. कॉर्फूत इतर चर्चचे एपिताफिओस शुक्रवारीच निघतात. स्पिरिडॉनच्या चर्चचा मात्र शनिवारी सकाळी, संताच्या पालखीबरोबर. व्हेनिसच्या अमलात सुरक्षेच्या कारणास्तव शुक्रवारच्या मिरवणुकीवर निर्बंध आले आणि त्यातून ही प्रथा पडली, असे सांगतात. बंदी उठून युगे लोटली, प्रथा राहिली.

१४/ दुसरी मिरवणूक ‘पाम संडे’ची, अर्थात झावळ्यांच्या रविवारची. १६२९-३० च्या प्लेगमधून शहर वाचले, त्याची ही आठवण. चारही मिरवणुकांत हिचा मार्ग सर्वांत लांब. जुन्या तटबंदीची रेषा जेथून जात होती, तिच्या कडेने पालखी फिरते. तटाचा बराच भाग आज अस्तित्वात नाही. परंतु नाहीशा झालेल्या तटाचा नकाशा मिरवणुकीच्या पावलांनी जपून ठेवला आहे.

१५/ तिसरी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची. १६७३ मध्ये प्लेग पुन्हा आला आणि ओसरला, त्याची ही कृतज्ञता. पूर्वेकडून येणारी जहाजे कॉर्फूवरून पुढे व्हेनिसकडे जात. त्यामुळे रोगाची पहिली झळ या बेटाला बसे. शहराजवळच्या ‘लाझारेत्तो’ या छोट्या बेटावर प्रवाशांना विलग ठेवण्याची व्यवस्था होती. विलगीकरण आणि नवस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच शहरात चालत होत्या. लोकांना त्यात विसंगती वाटत नव्हती.

१६/ चौथी मिरवणूक ११ ऑगस्टची, आणि तिचा इतिहास सर्वांत गाजलेला. १७१५ मध्ये ओटोमनांनी व्हेनिसकडून मोरिया, म्हणजे पेलोपोनीज द्वीपकल्प, हिसकावून घेतला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे आरमार आणि तीस हजारांच्या आसपास फौज कॉर्फूवर उतरली. एड्रियाटिक समुद्राच्या तोंडावरचे हे बेट पडले असते, तर व्हेनिसचा मार्ग मोकळा झाला असता.

१७/ संरक्षणाची धुरा होती जर्मन सेनानी योहान मथियास फॉन डेर शुलेनबर्ग याच्याकडे. पगारी सैनिक, ग्रीक नागरिक, बेटावरील ज्यू रहिवासी असे सारेच तटावर होते. शहराबाहेरच्या टेकड्या ओटोमनांनी घेतल्या आणि ऑगस्टमध्ये निकराचा हल्ला चढवला. शुलेनबर्गने स्वतः पुढे होऊन प्रतिहल्ला केला आणि हातची गेलेली मोक्याची जागा परत मिळवली.

१८/ त्यानंतर भीषण वादळ झाले. ओटोमनांच्या खंदकांत पाणी भरले, तंबू उडाले, जहाजांची वाताहत झाली. थोड्याच अवधीत शत्रूने तोफा आणि सामान मागे टाकून बेट सोडले. जुन्या ज्युलियन पंचांगानुसार तो दिवस ११ ऑगस्ट. शहरात वार्ता पसरली, की वादळाच्या रात्री शत्रूच्या छावणीवर हाती मशाल घेतलेला संत दिसला होता.

१९/ इतिहासकार आणखी एका घटनेकडे बोट दाखवतात. ५ ऑगस्ट १७१६ (नवे पंचांग) रोजी डॅन्यूबकाठी पेट्रोवारादिन येथे सॅव्हॉयच्या युजीनने ओटोमन मुख्य सैन्याचा पराभव केला होता. ती बातमी पोहोचल्यावर कॉर्फूतील फौज इतरत्र हवीशी झाली. चिवट बचाव, पेट्रोवारादिन आणि वादळ अशी तीन कारणे एकत्र आली. तटावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांपैकी डॅन्यूब दिसत नव्हता. वादळ दिसत होते.

२०/ येथे मराठी वाचकाला आपल्या किनाऱ्यावरील एक प्रसंग आठवावा. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्याजवळचे जुवे बेट घेतले आणि पोर्तुगीज राजधानी धोक्यात आली. व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या देहापाशी जाऊन आपला राजदंड तेथे ठेवला. मराठे माघारी वळले. गोव्यातील पोर्तुगीजांनी याचे श्रेय संताला दिले.

२१/ मराठ्यांच्या इतिहासात या माघारीचे कारण निराळे नोंदले आहे : मोगल शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणाकडे येत होता. एकच घटना, तटाच्या आतून पाहिली तर चमत्कार, बाहेरून पाहिली तर रणनीती. कॉर्फूचा वेढा समजून घेताना हे भान ठेवावे. श्रद्धेची कथा खोटी ठरवणे हे इतिहासाचे काम नव्हे. ती कोणी, कोठे उभे राहून सांगितली, हे पाहणे हे त्याचे काम.

२२/ व्हेनिसने या कथेला राजमान्यता दिली. ऑगस्टची मिरवणूक अधिकृतपणे सुरू झाली आणि संताच्या चर्चला चांदीचा भव्य दिवा अर्पण झाला. शुलेनबर्गचा पुतळा त्याच्या हयातीतच जुन्या किल्ल्यापाशी उभारला गेला. व्हेनिसमध्ये विव्हाल्दीने ‘युदिथा ट्रायम्फान्स’ ही संगीतरचना याच विजयाच्या निमित्ताने १७१६ मध्ये सादर केली. कॅथलिक राज्य एका ऑर्थोडॉक्स संताचे जाहीर आभार मानत होते.

२३/ परंतु आभारामागून हक्काची भाषा येते. आरमारप्रमुख आंद्रेआ पिझानी याने संताच्या चर्चमध्ये कॅथलिक वेदी उभारण्याचे ठरवले, असे स्थानिक परंपरा सांगते. हेतू कदाचित कृतज्ञतेचाच असेल. पण ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना त्यात आपल्या एकमेव मोठ्या जागेवरचे अतिक्रमण दिसले. त्यांनी विरोध केला. पिझानी बधला नाही.

२४/ १७१८ च्या नोव्हेंबरात जुन्या किल्ल्यातील दारूकोठारावर वीज पडली. प्रचंड स्फोट झाला, अनेक माणसे मेली. मृतांत पिझानीही होता. वेदी झाली नाही. लोकांनी अर्थ लावला, की संताने आपले घर राखले. दोन वर्षांपूर्वी ज्या आकाशाने बाहेरच्या शत्रूला पिटाळले, त्याच आकाशाने आता राज्यकर्त्याला मर्यादा दाखवली. शस्त्र नसलेल्या प्रजेला आपला नकार नोंदवण्यासाठी याहून प्रभावी भाषा उपलब्ध नव्हती.

२५/ १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले. फ्रेंच आले, रशियन-ओटोमन युती आली, पुन्हा फ्रेंच आले आणि १८१५ पासून ब्रिटिशांचे संरक्षित राज्य सुरू झाले. राजवटी बदलल्या, मिरवणुका चालू राहिल्या. प्रारंभी ब्रिटिश लष्करी बँडही त्यांत वाजत असे. पुढे इतर पंथांच्या धार्मिक विधींत सैन्याने भाग घेऊ नये असे ठरले आणि बँड बंद झाला.

२६/ संताची पालखी वाद्यांविना निघणार, हे नगरवासीयांना सहन होईना. त्यांनी स्वतःचाच बँड उभारला. १८४० मध्ये ‘कॉर्फू फिलहार्मोनिक सोसायटी’ स्थापन झाली. पहिला संगीतप्रमुख होता निकोलाओस मान्त्झारोस. कवी सोलोमोसच्या ज्या काव्याला त्याने चाल दिली, ते आज ग्रीसचे राष्ट्रगीत आहे. संस्थेत संगीत विनामूल्य शिकवले जाई. कारागिरांच्या मुलांच्या हाती क्लॅरिनेट आणि तुताऱ्या आल्या.

२७/ आज बेटावर अनेक फिलहार्मोनिक पथके आहेत. पवित्र शनिवारी संताच्या पालखीमागे जुने पथक फाच्चिओच्या ‘आम्लेतो’ या ऑपेरातील शोकसंचलन वाजवते. इटालियन ऑपेरा, ग्रीक संत, ब्रिटिश नकारातून जन्मलेली संस्था : बेटाचा सारा इतिहास एका गल्लीतून सरकताना दिसतो.

२८/ मिरवणूक संपल्यावर सकाळी अकराच्या सुमारास घंटा वाजतात आणि सज्जांतून पाण्याने भरलेले मातीचे मोठमोठे घडे रस्त्यावर फेकले जातात. या प्रथेस ‘बोतिदेस’ म्हणतात. तिचा उगम व्हेनिसमधील जुनी भांडी फेकण्याच्या रीतीत असल्याचे बहुधा मानले जाते. लोक खापरांचे तुकडे शुभ म्हणून घरी नेतात.

२९/ रोजच्या जीवनातही संत सर्वत्र आहे. घरोघरी एक तरी स्पिरोस किंवा स्पिरिदूला असते. १२ डिसेंबर हा त्याचा सण. त्या दिवसांत देह दर्शनासाठी खुला असतो. त्याच्या पायांतील सपाता दरवर्षी बदलतात, आणि जुन्यांचे तुकडे भक्तांना प्रसादासारखे मिळतात. सपाता झिजतात कशाने? बेटवासी सांगतात, की संत रात्री संकटात सापडलेल्यांसाठी चालत असतो.

३०/ तथापि इतिहासाने उजेडाची बाजूच दाखवून थांबू नये. १७१६ मध्ये तटावर लढलेल्या ज्यू समाजावर १८९१ मध्ये याच शहरात बालहत्येचा खोटा आळ घेतला गेला. दंगे झाले आणि पुष्कळ कुटुंबे बेट सोडून गेली. १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी उरलेल्यांपैकी बहुतेकांना, सुमारे अठराशे जणांना, आउशवित्झला नेले. मिरवणुकीत ‘आपले शहर’ म्हणून चालणाऱ्यांच्या व्याख्येत कोण बसत होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

३१/ १८६४ मध्ये बेट ग्रीसमध्ये विलीन झाले. वूल्गारिस घराण्याचा हक्क मात्र विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत टिकला; मग तो संपुष्टात येऊन संत चर्चच्या स्वाधीन झाला. कायद्याच्या दृष्टीने संत बेटाचा झाला तो तेव्हा. लोकांच्या दृष्टीने तो निर्णय फार आधी झालेला होता.

३२/ तो निर्णय कोणत्याही दस्तऐवजात सापडत नाही, कारण तो रस्त्यावर झाला. चर्चची किल्ली घराण्याकडे होती, मिरवणुकीची परवानगी राज्यकर्त्याकडे होती. पण चालणारे पाय नगराचे होते. प्रत्येक संकटानंतर लोकांनी वर्षातला एक दिवस मागून घेतला आणि तो दिवस पुन्हा परत केला नाही.

३३/ म्हणून मित्रहो, एखाद्या गावाचा इतिहास शोधताना राजांच्या याद्यांबरोबर त्या गावच्या मिरवणुकीचा मार्गही तपासावा. पालखी कोठे थांबते, कोणत्या वळणावर वाद्ये शांत होतात, कोणत्या गल्लीत ती जात नाही, हे वयोवृद्धांना विचारावे. कॉर्फूच्या नाहीशा झालेल्या तटाचा पत्ता अभिलेखागारात मिळतो. तसाच तो पाम संडेला, पालखीमागे चालणाऱ्या गर्दीतही मिळतो.